मयसभेतला पाहुणा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरील फलकावर एक यादी लागली. यादीत सव्वीस नावे होती. त्याआधी आठवडाभर सर्व अध्यापकांना व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना एक ईमेल आला होता. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब तयार आहे, सोबतच्या दुव्यावर जाऊन आपली माहिती तपासून घ्यावी, असा त्याचा आशय होता. हा ईमेल खोटा होता आणि तो संस्थेनेच नेमलेल्या एका एजन्सीने पाठवला होता. ज्यांनी दुवा उघडला ते 'सायबर जागरूकता चाचणीत' अनुत्तीर्ण ठरले आणि त्यांची नावे फलकावर आली. माझे नाव त्यात नव्हते. मात्र त्याचे श्रेय माझ्या सावधपणाला नाही. त्या आठवड्यात मी उत्तरपत्रिका तपासण्यात बुडाले होते आणि ईमेल उघडायला सवडच झाली नव्हती.

यादीतील पहिले नाव आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ लिपिकांचे होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. थकबाकीची बिले तयार करणे हेच त्यांचे काम असल्याने तो ईमेल त्यांनी सर्वांत आधी उघडला, ह्यात आश्चर्य ते काय? ते न उघडते तर कामचुकार ठरले असते.

तीन महिन्यांनी खऱ्या भामट्यांचा ईमेल आला. भाऊसाहेबांनी त्यातला दुवा उघडला, परवलीचा शब्द भरला आणि काही क्षणांतच आपण फसलो हे त्यांच्या लक्षात आले. तरीही ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेवढ्या अवधीत त्यांच्या खात्यावरून विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची खोटी मागणी गेली आणि काही मुलांनी पैसेही भरले. ही मुले शेतमजुरांची होती. 'आधी का नाही सांगितलंत?' असे मी विचारले, तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, 'पुन्हा फलकावर नाव नको होतं, मॅडम.'

ह्या प्रसंगानंतर मी संगणक-जाळ्यांच्या संरक्षणाविषयी जमेल तेवढे वाचत गेले. मराठीच्या अध्यापिकेने ह्या विषयावर मत देणे काहींना अनाठायी वाटेल. परंतु ह्या क्षेत्रातील एक शाखा आपल्या विषयाच्या इतक्या जवळची निघाली की तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवेना. ती शाखा म्हणजे घुसखोराला फसवून जाळ्याचे रक्षण करणे. तिथे कल्पित मजकूर रचला जातो, तो एका विशिष्ट वाचकासाठी रचला जातो आणि त्याने तो खरा मानावा ह्यासाठी तपशिलांची योजना होते. फसवणूक किती करावी, कधी करावी आणि ती उघडकीस आली तर काय, ह्याचा हिशेब गणिताची एक शाखा मांडते. तिला गेम थिअरी किंवा खेळ सिद्धांत म्हणतात. आमच्या यादीचे समर्थन करताना एजन्सीच्या तज्ज्ञांनी 'शत्रू फसवतो, म्हणून आपणही फसवायला शिकले पाहिजे' असे सांगितले होते. हे विधान अर्धे खरे आहे. त्यातील उरलेला अर्धा भाग कुठे चुकतो, हे दाखवणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात एका प्रसिद्ध प्रकरणापासून करू. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल हा खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात काम करत होता. संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत का येते, हे शोधण्याचे किरकोळ काम त्याच्याकडे आले. तफावतीच्या मागे एक घुसखोर निघाला. प्रयोगशाळेचा उंबरठ्यासारखा वापर करून तो अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरू पाहत होता. त्याचा माग काढायचा तर तो जोडणीवर पुरेसा वेळ टिकायला हवा होता, आणि तो तर काम आटोपून लगेच निघून जाई. तेव्हा स्टॉलच्या मैत्रिणीने एक युक्ती सुचवली. घुसखोराला ज्याची भूक आहे तेच त्याच्या पुढ्यात वाढावे. त्या काळी रेगन सरकारच्या 'स्टार वॉर्स' ह्या क्षेपणास्त्रविरोधी योजनेचा बोलबाला होता. स्टॉलने त्या योजनेशी संबंधित असे एक कार्यालय कल्पनेतून उभे केले. त्याला नाव दिले, एक सचिव नेमली, सरकारी खात्यात असतो तसा कंटाळवाणा पत्रव्यवहार रचला आणि हे सारे मुद्दाम लांबलचक केले. घुसखोर त्या फायली उतरवून घेण्यात गुंतला आणि माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. पुढे १९८७ साली त्या अस्तित्वात नसलेल्या कार्यालयाच्या नावे पिट्सबर्गहून टपालाने एक खरेखुरे पत्र आले. पत्रलेखकाला त्या कार्यालयाची कागदपत्रे हवी होती. घुसखोर आणि त्याचे साथीदार सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला माहिती विकत होते हे नंतर उघड झाले, आणि १९९० साली जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

स्टॉलने हे सारे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे. पुस्तकाचे नाव 'द कुकूज एग', म्हणजे कोकिळेचे अंडे. घुसखोराने यंत्रणेच्या घरट्यात आपला कार्यक्रम बेमालूम ठेवून दिला होता आणि यंत्रणा तो आपलाच समजून उबवत होती. कावळ्याच्या घरट्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकाला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. गंमत अशी की शेवटी स्टॉलनेही घुसखोराच्या घरट्यात आपले अंडे ठेवले.

पिट्सबर्गच्या पत्राचे मोल कशात होते, हे नीट पाहायला हवे. त्या कार्यालयाचा पत्ता जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. कोणत्याही प्रामाणिक माणसाला तिथे पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. म्हणून ज्याने लिहिले, त्याने लिहिण्यानेच आपली ओळख दिली. हा मुद्दा मनात ठेवून पुढे जाऊ.

दुसरे उदाहरण बिल चेस्विक ह्या संशोधकाचे. १९९१ साली बेल लॅब्जच्या प्रवेश-यंत्रावर एका अनोळखी इसमाने परवलीच्या शब्दांची फाइल मागितली. चेस्विकने त्याला बनावट फाइल पाठवून दिली. मग त्या इसमाच्या प्रत्येक आज्ञेला यंत्राच्या वतीने स्वतः चेस्विकच उत्तरे देऊ लागला. इथे त्याच्यापुढे जो प्रश्न आला तो कादंबरीकाराचा आहे. आपल्या कल्पित यंत्राचा स्वभाव कसा आहे? चेस्विकने एकेक निर्णय घेतला आणि तो लिहून ठेवला: ती फाइल खरी आहे, ह्या यंत्राची देखभाल ढिसाळ आहे, हे यंत्र भयंकर संथ आहे. हा शेवटचा निर्णय सोयीचा होता, कारण माणसाला टंकलेखन करून उत्तर द्यायला वेळ लागतो. पण एकदा घेतलेला निर्णय पुढे पाळावाच लागतो. पहिल्या प्रकरणात डाव्या पायाने लंगडणारे पात्र पाचव्या प्रकरणात उजव्या पायाने लंगडू लागले तर वाचक पुस्तक मिटतो. घुसखोरही अशी विसंगती दिसताच पसार होतो. संहितेची आंतरिक सुसंगती आपण वर्गात शिकवतो. चेस्विकला ती पहाऱ्यासाठी लागली.

अशा आमिषवजा यंत्रांना ह्या क्षेत्रात 'हनीपॉट' म्हणतात. आपण त्यांना मधाची भांडी म्हणू. स्टॉल आणि चेस्विक ह्यांनी जे प्रसंगाच्या रेट्याने केले, त्याचे पुढे शास्त्र झाले, आणि इथे गेम थिअरी येते.

संगणकसुरक्षेत एक जुने गाऱ्हाणे आहे. राखणदाराला प्रत्येक वेळी अचूक राहावे लागते, चोराला एकदाच साधले तरी पुरते. मधाची भांडी हे गणित उलटे करतात. समजा, जाळ्यात दहा खरी यंत्रे आहेत आणि हुबेहूब तशीच दहा बनावट यंत्रे ठेवली आहेत. आत शिरलेल्या चोराला कोणते खरे आणि कोणते खोटे हे कळत नाही. त्याने एकामागून एक पाच यंत्रे अंदाजाने चाचपली, तर पाचही खरी निघण्याची शक्यता सुमारे ६२ मध्ये १ एवढीच उरते. एका जरी बनावट यंत्राला त्याचा हात लागला तरी घंटा वाजते. म्हणजे आता प्रत्येक पावलाला अचूक राहण्याचे ओझे चोरावर आले.

पण चोरही विचार करतो. भांडी ओळखण्याच्या खुणा तो शोधतो. मग राखणदाराने काय करावे? ह्याचे बीज गेम थिअरीच्या पायाभरणीतच सापडते. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न ह्यांनी १९४४ सालच्या आपल्या ग्रंथात पोकरमधील बतावणीचा विचार केला आहे. पत्त्यांत थाप मारण्याचे त्यांच्या मते दोन हेतू असतात. पहिला सर्वांना ठाऊक आहे: हाती काही नसताना बळ असल्याचा आभास निर्माण करणे. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. खेळाडू अधूनमधून थापा मारतो हे माहीत असल्यामुळे, त्याच्या हाती खरोखर चांगली पाने असतानाही प्रतिस्पर्ध्याला शंका येते आणि तो डावात पैसे लावत राहतो. म्हणजे पकडली गेलेली थापही वाया जात नाही, ती पुढच्या खऱ्याला संशयास्पद करते. मात्र तिचे प्रमाण बेताचे हवे. सतत थाप मारणारा आणि कधीच न मारणारा, दोघेही सारखेच ओळखू येतात.

हाच विचार संगणक-जाळ्यांना लावता येतो. थॉमस कॅरॉल आणि डॅनियल ग्रोसू ह्या संशोधकांनी तो गणिती मांडणीत केला आहे. त्यांच्या खेळात राखणदाराला दोन वेषांतरे उपलब्ध आहेत. मधाचे भांडे खऱ्या यंत्रासारखे सजवता येते, आणि खरे यंत्र मधाच्या भांड्यासारखेही सजवता येते. हे दुसरे वेषांतर आधी चमत्कारिक वाटते, पण चोर सापळ्याच्या खुणा ओळखून तिथून पळ काढत असेल तर खऱ्या तिजोरीवरच त्या खुणा उमटवणे शहाणपणाचे ठरते.

ह्यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ऑगस्ट केरखॉफ्स ह्या भाषांच्या अध्यापकाने १८८३ साली गूढलिपीसंबंधी एक तत्त्व मांडले होते. यंत्रणेची रचना शत्रूला कळली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, गुपित फक्त किल्लीचे असावे. ह्या तत्त्वापुढे फसवणुकीवर आधारलेले संरक्षण लटके वाटेल, कारण फसवणूक कळली की संपली असा आपला समज असतो. खेळ सिद्धांताचे उत्तर असे की चांगली फसवणूक जाहीर केली तरी टिकते. जाळ्यात सापळे आहेत हे चोराला सांगून टाकावे, कोणते यंत्र सापळा आहे एवढेच सांगू नये. अमेरिकेत 'टुलारोसा' नावाने झालेल्या प्रयोगात १३० हून अधिक व्यावसायिक 'हल्लेखोरां'ना एका जाळ्यावर सोडण्यात आले. काहींच्या वाटेत बनावट यंत्रे होती, काहींच्या नव्हती. काहींना फसवणुकीची कल्पना दिली होती, काहींना दिली नव्हती. बनावट यंत्रांनी हल्लेखोरांची वाट अडवलीच. सापळे प्रत्यक्ष होते आणि त्यांची कल्पनाही दिली होती, तिथे त्यांची सर्वाधिक अडचण झाली. आपल्याला फसवले जात असेल ही शंका माणसाला स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवू देत नाही. शंकेची ही शक्ती लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी ती आपल्याला वेगळ्या ठिकाणी भेटणार आहे.

आणखी एक उदाहरण देऊन सिद्धांताचा भाग संपवते. २०१३ साली आरी ज्यूल्स आणि रोनाल्ड रिव्हेस्ट ह्यांनी सुचवले की प्रत्येक खातेदाराच्या खऱ्या परवलीच्या शब्दासोबत अनेक खोटे शब्द साठवावेत. कोणता शब्द खरा, हे दुसऱ्याच एका वेगळ्या यंत्राला ठाऊक असावे. चोराने सगळी फाइल पळवली तरी कोणता शब्द वापरावा हे त्याला कळणार नाही, आणि खोटा शब्द वापरताच घंटा वाजेल. युक्ती सोपी आहे, पण तिचे यश खोट्या शब्दांच्या खरेपणावर अवलंबून आहे. समजा, एखाद्या माणसाने आपल्या गावाचे नाव आणि मुलीचा जन्मदिनांक जोडून परवलीचा शब्द केला, आणि यंत्राने त्याच्या शेजारी अर्थहीन अक्षरांचे एकोणीस पुंजके ठेवले. चोर एका नजरेत खरा शब्द उचलेल. खोटा शब्दही माणसाने प्रेमाने किंवा आळसाने निवडल्यासारखा दिसला पाहिजे. संभवनीयतेचा जो प्रश्न आपण कथेच्या संदर्भात विचारतो, तो इथे एका शब्दापुरता विचारावा लागतो.

आता ह्या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र दिसेल. स्टॉलच्या कल्पित कार्यालयाशी कोणत्याही सज्जनाला कर्तव्य नव्हते. चेस्विकची फाइल मागण्याचे कोणत्याही सहकाऱ्याला कारण नव्हते. बनावट यंत्रावर कुणाचेही रोजचे काम चालत नाही. खोटा परवलीचा शब्द खातेदार स्वतः कधी वापरणार नाही, कारण तो त्याला ठाऊकच नाही. मधाच्या भांड्याची जी व्याख्या ह्या क्षेत्रात रूढ आहे ती हेच सांगते: ज्याला कुणी हात लावावा ह्यातच ज्याचे मोल आहे, आणि ज्याला हात लावण्याचे रास्त कारण कुणालाही नाही, असे साधन. म्हणूनच त्याला झालेला प्रत्येक स्पर्श संशयास्पद ठरतो. फसवणुकीची नैतिकता आणि तिची उपयुक्तता इथे एकाच अटीवर उभ्या आहेत. प्रामाणिक माणसाच्या वाटेवर सापळा नसावा. ही अट मोडली की अन्याय तर होतोच, शिवाय घंटाही निरुपयोगी होते, कारण ती सज्जनांच्याच पावलांनी वाजू लागते.

मयसभेची आठवण इथे अपरिहार्य आहे. इंद्रप्रस्थात मयासुराने पांडवांसाठी जी सभा बांधली, ती आपल्या परंपरेतील आभासाची सर्वांत थोर वास्तू. तिथे दुर्योधनाला स्फटिकाची जमीन पाण्यासारखी वाटली आणि पाणी जमिनीसारखे वाटून तो त्यात पडला. ही सभा घुसखोरांसाठी असती तर तिच्या चातुर्याचे कौतुकच झाले असते. परंतु दुर्योधन त्या वेळी चोर नव्हता. तो राजसूय यज्ञाला आलेला पाहुणा होता आणि यजमानांच्या घरात सरळ वाटेने चालला होता. तो पडला आणि लोक हसले. द्रौपदीच्या तोंडी घातला जाणारा तो सुप्रसिद्ध टोमणा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संशोधित आवृत्तीच्या संहितेत नाही; तिथे हसणारे मुख्यतः भीमादी भाऊ आणि सेवक आहेत. पण हसू तिथे आहेच, आणि ते अपमान म्हणून त्याच्या मनात राहिले. त्यानंतरच द्यूताचा घाट घातला गेला. दुर्योधनाच्या मत्सराला ह्याआधीही कारणे होती हे मान्य करूनही, वास्तूतला आभास आणि फाशांचा खेळ ह्यांना जोडणारा दुवा व्यासांनी पाहुण्याच्या फजितीत ठेवला आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

आमच्या फलकावरची यादी मयसभेतली आहे. थकबाकीचा ईमेल थकबाकीचे काम करणाऱ्या माणसाच्या टेबलावर ठेवणे म्हणजे त्याच्या रोजच्या वाटेवर पाणी करून त्यावर फरशी रंगवणे होय. तो पडला ह्याने त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, तो आपले काम करतो एवढेच सिद्ध होते. हा दोष एकट्या आमच्या संस्थेचा नाही. गोडॅडी ह्या अमेरिकी कंपनीने २०२० च्या डिसेंबरात कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या सुट्टीच्या बोनसचे आश्वासन देणारा ईमेल पाठवला. महासाथीच्या त्या वर्षात सुमारे ५०० जणांनी त्याला प्रतिसाद दिला आणि मग ती चाचणी असल्याचे त्यांना कळले. टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली.

खेळ सिद्धांताच्या भाषेत बोलायचे तर इथे दोन वेगळ्या खेळांची गल्लत झाली आहे. चोर आणि राखणदार ह्यांच्यात एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा असतो, म्हणून तिथे थाप हे रास्त हत्यार आहे. संस्था आणि तिचे कर्मचारी ह्यांच्यातला खेळ निराळा आहे. तो वर्षानुवर्षे रोज खेळला जातो, आणि दोघांचा लाभ एकमेकांच्या शब्दावर विसंबण्यात असतो. पहिल्या खेळातली चाल दुसऱ्या खेळात वापरली की फॉन नॉयमनचे ते सूक्ष्म तत्त्व उलटून अंगावर येते: पकडली गेलेली थाप पुढच्या खऱ्याला संशयास्पद करते. शत्रूच्या मनात हे घडणे आपल्या फायद्याचे असते. सहकाऱ्याच्या मनात ते घडले की कार्यालयाचे प्रत्येक परिपत्रक संशयित होते.

ह्यावर एजन्सीचे म्हणणे असे की भामटे कुणाच्याही रोजच्या वाटेवरच सापळा लावतात, तेव्हा सरावही तिथेच व्हायला हवा; ही एक प्रकारची लस आहे. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु ही लस लागू पडते का, हे तपासले गेले आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत पंधरा महिने, १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला. खोट्या ईमेलला बळी पडल्यावर लगेच शिकवणीचे पान दाखवण्याची जी रूढ पद्धत आहे, तिने कर्मचारी अधिक सावध झाले नाहीत. उलट काहीसे अधिक बळी पडण्याकडे कल दिसला. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट मात्र परिणामकारक ठरली. संशयास्पद ईमेल दिसताच एका कळीने कळवण्याची सोय कर्मचाऱ्यांना दिली होती. ती त्यांनी दीर्घकाळ वापरली आणि तिच्या आधारे नवे हल्ले लवकर ओळखता आले. म्हणजे माणूस हा तटबंदीतला कच्चा दुवा असतो असे जे सांगितले जाते, ते पुरते खरे नाही. तो पहारेकरीही असतो, फक्त त्याला हाक मारण्याची भीती वाटता कामा नये.

भाऊसाहेबांच्या दोन दिवसांच्या मौनाचा अर्थ ह्या उजेडात वाचावा. हल्ला ओळखायला त्यांना काही क्षण पुरले होते. आमच्याकडे एक उत्तम घंटा होती आणि ती वाजू नये अशी तजवीज आम्हीच केली होती. त्या दोन दिवसांची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. ती यादी कुणाला विनोद वाटली असेल, कुणाला शिस्त. स्टाफरूममध्ये तिच्यावर आम्ही हसलो होतो, त्यात मीही होते.

फसवणुकीला माझा विरोध नाही. संस्थेच्या संगणकावर परीक्षा विभागाच्या नावाने एखादी खोटी फाइल ठेवावी, जिला कुणी हात लावला तर कळेल. घरातलाच कुणी नको तिथे डोकावत असेल तर तोही अशा फायलीपाशीच सापडेल, आणि आपले काम करणाऱ्याला तिचा पत्ताही लागणार नाही. सापळा लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: आपले काम नेकीने करणारा माणूस इथे येईल का? उत्तर 'हो' असेल तर तो सापळा उचलावा. चुकून फसलेल्याचे नाव कुठेही लागू नये, आणि पहिल्या तासात कळवणाऱ्याचे आभार मानले जावेत. अध्यापक सभेत मी हे लेखी दिले आहे. यादी उतरवली गेली. बाकीच्या मुद्द्यांवर विचार चालू असल्याचे सांगण्यात आले आहे.

मयसभेच्या प्रसंगात एक बारीक तपशील आहे. तो एरवी आपल्या नजरेतून निसटतो, कारण पाण्यात पडण्याचे दृश्य अधिक रंगतदार आहे. पाण्यात पडून आणि दारावर कपाळ आपटून झाल्यावर दुर्योधन आणखी एका दारापाशी येतो. ते दार खरोखरच उघडे असते. पण आता त्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नसतो. ते बंदच असणार असे समजून तो मागे फिरतो.

गेल्या महिन्यात भाऊसाहेब एका ईमेलची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज दुरुस्त करून पाठवण्याची मुदत त्यात होती. कागद तीन दिवस त्यांच्या खणात पडून होता. 'मॅडम, हे खरं आहे की परीक्षा आहे?' असे त्यांनी विचारले. मी संबंधित कार्यालयाला फोन लावून खात्री करून घेतली. ते खरे होते, आणि मुदतीचा एकच दिवस उरला होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी आणि दोन शिपायांनी बसून रात्री नऊपर्यंत अर्ज पूर्ण केले.